खर्जाच्या तारेवरचा ‘मी’




गेल्या महिन्यातल्या ऑनलाइन युवा सत्संगात एका साधकाने शेवटच्या पाच मिनिटांत एक प्रश्न विचारला. तो पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतो आणि डबल बास वाजवतो. त्याचे म्हणणे असे होते : “इथे ऐकतो की अहंकार सोडा, ‘मी’ बाजूला ठेवा. ते मनापासून पटतं. पण सत्संगातून उठून सरावाला बसलो की हात हलका पडतो. माझे सर म्हणतात, तू ऐकूच येत नाहीस, विश्वासाने वाजव. तसं वाजवलं की मला आतून वाटतं, हा तर माझा अहंकारच बोलतोय. मी नक्की कोणाचं ऐकू?”

वेळ संपली होती. सत्संग घेणाऱ्या ताईंनी त्याला सांगितले की उत्तर घाईने देण्यासारखे नाही, आणि आम्हा अनुवाद सेवेतल्या मुलांना सुचवले की यावर मनन करून लिहा. खरे सांगायचे तर तोपर्यंत डबल बास मला फक्त चित्रात माहीत होता. व्हायोलिनचा थोरला भाऊ वाटावा असे ते उंच वाद्य. त्यानंतरचे काही आठवडे मी ते ऐकत होतो, वाजवणाऱ्यांविषयी वाचत होतो. त्यातून जे हाती लागले ते त्या साधकासाठी, आणि आपल्या सर्वांसाठीही, इथे ठेवत आहे. कारण प्रश्न त्याच्या वाद्याचा असला तरी नोकरीच्या मुलाखतीला जाणारा, घरात आपले म्हणणे मांडू पाहणारी, सत्संगात पहिल्यांदा माइक हातात घेणारा, अशा प्रत्येकाचा तो आहे.

आधी वाद्य समजून घेऊ. डबल बास साधारण सहा फूट उंच असतो. वादक उभा राहून किंवा उंच स्टुलावर बसून त्याला अंगाशी धरतो आणि गजाने किंवा बोटांनी वाजवतो. चार जाड तारा असतात. सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. माणसाच्या कानाला साधारण २० कंपनांपासून पुढचे ऐकू येते, म्हणजे हा सूर ऐकू येण्याच्या तळाशीच राहतो. सतारीसारखे पडदे नाहीत. बोट कुठे ठेवायचे हे फक्त हाताला आणि कानाला ठाऊक. मोठ्या वाद्यवृंदात आठेक बासवादक बहुधा एका कडेला, मागच्या बाजूला असतात. श्रोत्यांचे डोळे पुढच्या व्हायोलिनवर, टाळ्या एकल गायकाला. आपल्याकडे मैफलीत गायकाच्या मागे तानपुरा घेऊन बसलेल्या शिष्याची जी जागा, जवळपास तीच ही जागा. त्याचे नाव पत्रिकेत छापलेच तर सर्वांत शेवटी. पण तानपुरा उतरला तर गाणे उभे राहत नाही, हे बुजुर्ग गवयाला विचारा.

एक गोष्ट मात्र तानपुऱ्याहून वेगळी आहे आणि आपल्या साधकाचे उत्तर बरेचसे तिथेच आहे. बासची तार जाड असल्यामुळे ती बोलायला वेळ घेते. गज टेकवल्यावर पातळ तार लगेच गाते. जाड तार हलायला एक क्षण जास्त लागतो. म्हणून अनुभवी वादक ‘आधी इतरांचे ऐकू, मग सूर लावू’ असे करत नाही. तसे केले तर तो प्रत्येक वेळी उशिराच पोहोचेल आणि त्याच्या मागोमाग सगळा वाद्यवृंद रेंगाळेल. त्याला मनात सूर आधी ऐकावा लागतो, गज आधी तयार ठेवावा लागतो आणि नि:शंकपणे सुरुवात करावी लागते. वर वाजणारी सगळी स्वरसंगती त्याच्या खालच्या सुरावर उभी असते. तो डगमगला की वरचे सगळे डगमगतात. चुकले कोण हे श्रोत्याला कळत नाही, फक्त काहीतरी बिनसले एवढे जाणवते.

म्हणजे त्या साधकाचे सर ‘विश्वासाने वाजव’ म्हणतात तेव्हा ते त्याला मोठेपणा मिरवायला सांगत नाहीत. इतरांना जो आधार देणे त्याचे काम आहे, तो आधार वेळेवर दे, एवढेच सांगतात. हलक्या हाताने वाजवून त्याने अहंकार सोडला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने सेवा सोडली.

इथे मला गीतेच्या अठराव्या अध्यायातला एक श्लोक आठवतो, सव्विसावा. भगवंत तिथे सात्त्विक कर्त्याचे वर्णन करतात. आपण बहुतेक जण त्यातली अर्धीच गोष्ट लक्षात ठेवतो, की त्याला आसक्ती नसते आणि तो ‘मी केले, मी केले’ असे बोलत नाही. पण त्याच श्लोकात, त्याच दमात, पुढे म्हटले आहे की तो धृती आणि उत्साह यांनी युक्त असतो, आणि यश आले काय, अपयश आले काय, त्याचा तोल जात नाही. ‘अनहंवादी’ आणि ‘धृती-उत्साहाने भरलेला’ ही दोन विशेषणे एकाच माणसाची आहेत. भगवंतांना त्यात विरोध दिसला नाही. विरोध आपल्याला दिसतो, कारण आपण ‘मी’ला जोराशी जोडतो आणि नम्रतेला दुबळेपणाशी.

आणि अर्जुन? धनुष्य खाली ठेवून तो रथात बसतो तेव्हा त्याचे बोलणे किती नम्र वाटते! राज्य नको, सुख नको, भीक मागून जगेन. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, केवढा हा त्याग. पण भगवंतांनी त्याला त्याग म्हटले नाही, हृदयाचा दुबळेपणा म्हटले. अर्जुनाच्या त्या सगळ्या बोलण्यात ‘मी’ आणि ‘माझे’ किती वेळा येते ते मोजून पाहावे. माझे आप्त, माझे गुरू, माझा हात थरथरतो, माझी त्वचा जळते. हातातून गज गळून पडणे हीसुद्धा कधी कधी ‘मी’चीच करामत असते.

या दबलेल्या ‘मी’चे एक फार नेमके चित्र जर्मन लेखक पॅट्रिक झ्यूसकिंड यांच्या ‘कॉन्ट्राबास’ या १९८१ सालच्या एकपात्री नाटकात आहे. रंगमंचावर एकच माणूस, सरकारी वाद्यवृंदातला बासवादक, आपल्या खोलीत बिअर पीत प्रेक्षकांशी बोलतो. सुरुवातीला तो आपल्या वाद्याची थोरवी गातो, बासशिवाय वाद्यवृंद ही कल्पनाच अशक्य आहे असे पटवून देतो. बोलता बोलता सूर बदलतो. आपले वाद्य त्याला कुरूप वाटते, घरात सतत आडवे येते, त्यानेच आपल्या आयुष्याचा घात केला असे तो म्हणू लागतो. एका तरुण गायिकेवर त्याचे प्रेम आहे आणि तिला तो अस्तित्वात आहे हेही ठाऊक नाही. तिचे लक्ष वेधायला भर कार्यक्रमात ओरडावे, असे बेत तो रचतो. पहिला अर्धा तास पाहणाऱ्याला वाटते हा गर्विष्ठ आहे, नंतर वाटते हा बिचारा खचलेला आहे. माणूस तोच, रोग तोच. ‘माझ्यावाचून अडते’ आणि ‘मला कोणी विचारत नाही’ ही एकाच झोक्याची दोन टोके आहेत, आणि झोका टांगलेला आहे तो ‘मला’ या खिळ्याला.

आपण साधकांनी हे जरा प्रामाणिकपणे पाहायला हवे. गर्व ओळखायला आपण शिकतो, कारण तो दिसतो. न्यूनगंडाला मात्र आपण नम्रता समजून डोक्यावर घेतो. “मला काय येतंय”, “मी कुठला एवढा मोठा” ही वाक्ये सत्संगात फार सहज उच्चारली जातात आणि बोलणाऱ्याला त्यातून थोडी वाहवाही हवी असते. मीही अपवाद नाही, त्याचे पुढे सांगतो.

आता एक गोड उदाहरण. इटलीचे जियोवान्नी बॉत्तेसिनी, जन्म १८२१. वडील संगीतकार, मुलगा लहानपणी व्हायोलिन शिकलेला. मिलानच्या संगीत विद्यालयात जायचे होते पण घरी पैसा नव्हता, आणि शिष्यवृत्तीच्या दोनच जागा शिल्लक होत्या : एक बसूनची, एक डबल बासची. मुलाने काही आठवड्यांत बासची तयारी केली आणि प्रवेशपरीक्षेला उभा राहिला. असे सांगतात की वाजवताना काही सूर चुकले तेव्हा त्याने परीक्षकांना सरळ सांगितले, बोट कुठे ठेवायचे हे एकदा कळले की असे पुन्हा होणार नाही. त्याला प्रवेश मिळाला. पुढे हाच मुलगा बासचा पॅगानिनी म्हणून युरोपभर गाजला. वेर्दींच्या ‘आयदा’ या ऑपेराचा १८७१ साली कैरोत पहिला प्रयोग झाला तेव्हा संचालन त्यानेच केले.

त्या मुलाच्या उत्तरात काय आहे, पाहा. चूक नाकारलेली नाही. चुकीबद्दल ओशाळून रडगाणे नाही. आणि ‘मी शिकेन’ याबद्दल तिळमात्र शंका नाही. वाद्य त्याने निवडलेले नव्हते, परिस्थितीने हातात दिले होते. ते त्याने ‘माझ्या योग्यतेचे नाही’ म्हणून लाथाडले नाही. आत्मविश्वास म्हणजे काय असे मला कोणी विचारले तर व्याख्या देण्याऐवजी मी हीच गोष्ट सांगेन.

दुसऱ्या बाजूची गोष्ट मोठी आहे आणि दुखरी आहे. अमेरिकेचे चार्ल्स मिंगस, जन्म १९२२, जाझ संगीतातले थोर बासवादक आणि रचनाकार. लहानपणी चेलो वाजवत. त्यांना शास्त्रीय वाद्यवृंदात जायची ओढ होती, पण कृष्णवर्णीय मुलाला तिथे जागा मिळणार नाही, त्यापेक्षा बास घे, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी बास घेतला, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या माजी प्रमुख बासवादकाकडे वर्षानुवर्षे शिकले आणि असे वाजवू लागले की मागच्या रांगेतले वाद्य समोर आले. त्यांच्या आत्मविश्वासाबद्दल कोणालाच शंका नव्हती. त्यांचा राग मात्र त्यांच्याइतकाच प्रसिद्ध होता. १९५३ साली ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात प्रवेश मिळाला, जो मिळणे हे कोणत्याही जाझ वादकाचे स्वप्न, आणि सहवादकाशी हाणामारीपर्यंत गेलेल्या भांडणामुळे थोड्याच दिवसांत तो गेलाही.

१९६२ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा मोठा कार्यक्रम ठरला. भल्या मोठ्या वाद्यवृंदासाठी त्यांनी प्रचंड रचना लिहायला घेतली होती. वेळ अपुरा पडत होता. जिमी नेपर हे त्यांचे जुने सहकारी, ट्रॉम्बोन वाजवायचे, आणि नोटेशनच्या प्रती काढायच्या कामातही मदत करत होते. आणखी काम अंगावर घ्यायला नेपर यांनी नकार दिला. मिंगस यांनी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला. ट्रॉम्बोनवादकाचे तोंड हेच त्याचे हत्यार. नेपर यांच्या वादनातले वरचे सप्तक त्या एका ठोशाने गेले. प्रकरण न्यायालयात गेले. आणि तो कार्यक्रम? रंगमंचावर वादक बसलेले असताना नोटेशनच्या प्रती काढणे चालूच होते. सगळा गोंधळ झाला. ती संपूर्ण रचना ‘एपिटाफ’ या नावाने प्रथम सादर झाली १९८९ साली. तेव्हा मिंगस जगात नव्हते. कला कमी पडली नव्हती. नकार ऐकून न घेणारा ‘मी’ आडवा आला, आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तेच काम त्याने मोडून ठेवले.

पण इथे मला थोडे थांबावेसे वाटते. मिंगस यांचा सगळा राग अहंकारच होता असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. १९५७ साली आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ न देण्यासाठी तिथले राज्यपाल ऑर्वल फोबस यांनी सैनिक उभे केले. मिंगस यांनी त्या राज्यपालांची उघड खिल्ली उडवणारी रचना केली आणि ती जाहीरपणे वाजवली. त्या रागाला कोणी अहंकार म्हणेल का? तिथे राग दुसऱ्याच्या मुलांसाठी होता. नेपर यांना मारताना तो फक्त स्वतःसाठी होता. बाहेरून दोन्हींचा आवाज सारखाच येतो. तपासायचे ते इतकेच, की हा आवाज मी कोणासाठी चढवतो आहे?

आणि याला लागून आणखी एक. ज्याला आयुष्यभर दाबले गेले त्याला, जो कधी दाबला गेला नाही त्याने ‘अहंकार सोड’ म्हणणे ही फार सोयीची गोष्ट आहे. आपल्या घरांतही हे होते. सून आपले मत मांडते तेव्हा तिला अहंकाराचे श्लोक ऐकवले जातात, मुलगा तेच मत मांडतो तेव्हा तो ‘कर्ता’ झाला असे कौतुक होते. अध्यात्माचा असा वापर आपल्या सत्संगात होऊ नये. अहंकाराचा आरसा स्वतःपुढे धरायचा असतो.

मिंगस यांची गोष्ट अजून संपलेली नाही. १९७७ साली त्यांना स्नायूंची शक्ती हळूहळू हिरावून घेणारा असाध्य विकार असल्याचे निदान झाले. ज्या बोटांनी जगाला थक्क केले ती हलेनाशी झाली. चाकांच्या खुर्चीत बसून ते टेपरेकॉर्डरसमोर सूर गुणगुणत आणि इतर लोक ते लिहून घेत. बास वाजवता येत नव्हता, संगीत थांबले नाही. १९७८ च्या जूनमध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जाझचा कार्यक्रम झाला. मिंगस खुर्चीत बसून आलेले होते. त्यांचे नाव घेऊन सर्वांना उभे राहायला सांगितले गेले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि हा धिप्पाड, तापट माणूस ओक्साबोक्शी रडू लागला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर त्यांच्याजवळ आले, त्यांना जवळ घेतले. पुढच्या जानेवारीत, ५ तारखेला, मेक्सिकोत त्यांचे निधन झाले. वय ५६. त्यांच्या इच्छेप्रमाणे पत्नी सू मिंगस त्यांच्या अस्थी घेऊन भारतात आल्या आणि त्या गंगेत विसर्जित केल्या.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ काही अनुवाद करू शकलो नाही.

आणि जिमी नेपर? सत्तरच्या दशकात ते पुन्हा मिंगस यांच्या ध्वनिमुद्रणात वाजवायला आले. मिंगस गेल्यावर त्यांचे संगीत जिवंत ठेवण्यासाठी ‘मिंगस डायनेस्टी’ नावाचा चमू उभा राहिला, त्यातही त्यांनी वाजवले. ज्याने आपले वरचे सप्तक हिरावले त्याचे सूर उरलेल्या सप्तकांत वाजवणे! क्षमेवर मी इतकी प्रवचने ऐकली, लिहिली, पण हे उदाहरण विसरता येत नाही. बासवादकांबद्दल वाचायला बसलो होतो, धडा मिळाला ट्रॉम्बोनवाल्याकडून.

थोडे वाद्याच्या किमतीबद्दलही सांगतो, कारण ‘मी’ वस्तूंनाही चिकटतो. गॅरी कार हे अमेरिकेचे एकल बासवादक. १९६२ साली, ते विशीतले असताना, थोर संचालक आणि स्वतः बासवादक असलेले सर्गेई कुसेवित्स्की यांच्या पत्नीने पतीचा बास त्यांना भेट दिला. १६११ साली अमाती घराण्याने घडवलेला अशी त्याची ख्याती होती. वाद्यांच्या दुनियेत अमाती म्हणजे केवढे नाव! गॅरी कार यांनी तो अनेक दशके जगभर वाजवला. पुढे लाकडातली वर्तुळे तपासली गेली आणि लाकूड इतके जुने नाही, वाद्य अमातींचे नाही, असे निष्पन्न झाले. वाणिज्य शाखेत आम्हाला ‘गुडविल’ नावाची एक मालमत्ता शिकवतात. ती ताळेबंदात दिसते, पण हात लावून दाखवता येत नाही, आणि एका सकाळी शून्यही होऊ शकते. अमाती हे नाव असेच उडून गेले. सूर मात्र होता तसाच राहिला. गॅरी कार यांनी तो बास पुढे बासवादकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला देऊन टाकला, तरुण वादकांना वाजवता यावा म्हणून. आपल्या नावापुढची पदवी, आडनाव, कंपनीचे कार्ड हे सगळे एक दिवस असे तपासले गेले, तर आपल्याजवळ कोणता सूर उरेल?

नावाचा मोह नसणे म्हणजे स्वतःची किंमत न कळणे, असाही गैरसमज नको. दोमेनिको द्रागोनेत्ती, जन्म १७६३, व्हेनिसचे. त्यांच्या वादनाने बीथोव्हेनसारखा माणूस भारावला होता. १७९४ साली ते लंडनला आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. मानधनाच्या बाबतीत हे गृहस्थ अगदी पक्के होते. आपले काम काय मोलाचे आहे ते त्यांना ठाऊक होते आणि तेवढे ते मागून घेत. (बाहुल्या जमवायचा त्यांना नाद होता, हे सहज सांगतो.) पण मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत सुंदर काय वाटले तर त्यांची बैठक. चेलोवादक रॉबर्ट लिंडले आणि द्रागोनेत्ती जवळजवळ पन्नास वर्षे ऑपेरात आणि मोठ्या कार्यक्रमांत एकाच स्टँडवरचे नोटेशन पाहून शेजारी शेजारी वाजवत राहिले. युरोपातला पहिल्या क्रमांकाचा वादक, आणि अर्धे शतक कोणाच्या तरी शेजारी, साथीला! १८४६ साली ते गेले तेव्हा आपला आवडता बास त्यांनी व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चला ठेवला, जिथे तरुणपणी ते वाजवायचे.

पन्नास वर्षे एका स्टँडवर वाजवताना पान कोण उलटत असेल? मला हा प्रश्न उगाच पडला. दोघांत एक स्टँड असला की पान उलटणाऱ्याला क्षणभर आपले वाजवणे थांबवावे लागते. दुसऱ्याचा सूर चालू राहावा म्हणून आपला सूर एक क्षण सोडायचा, आणि पान उलटले की लगेच, पूर्ण जोमाने, पुन्हा वाजवायला लागायचे. त्या साधकाने विचारलेल्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी यात आहेत. थांबताना त्याला आपण लहान झालो असे वाटत नाही, वाजवताना मोठे झालो असे वाटत नाही. त्याचे लक्ष पानावर आणि गाण्यावर असते.

हे लक्ष कसे साधायचे? आपल्या नित्याच्या साधनेत साक्षीभावाचा जो अभ्यास आहे तोच इथे कामाला येतो, फक्त तो आसनावर ठेवून उठायचे नाही. वाजवायच्या आधी एक श्वास शांतपणे घ्यावा. ‘लोकांना मी कसा वाटेन’ हा विचार येईलच, त्याला हाकलत बसू नये. तो आला एवढे पाहावे आणि लक्ष परत सुराकडे न्यावे : मला आता कोणता सूर द्यायचा आहे, तो कोणाला आधार देणार आहे? गज थरथरतो तेव्हा बहुतेक वेळा मन सुरावरून निघून स्वतःवर गेलेले असते. आणि वाजवून झाल्यावर, बरे झाले तर ते गुरुचरणी अर्पण, बिघडले तर बॉत्तेसिनीसारखे सरळ कबूल करून पुन्हा सरावाला. सराव मात्र टाळायचा नाही. न करता आलेला विश्वास हा नुसता आव असतो आणि पहिल्याच अवघड जागी तो उघडा पडतो. गुरुकृपा तयार हातावर उतरते, हे आपण गुरुदेवांच्या प्रवचनांतून अनेकदा ऐकले आहे.

आता माझे. वर म्हटले होते सांगतो म्हणून. अनुवाद सेवेतल्या लेखांखाली अनुवादकाचे नाव नसते. सुरुवातीला मला ते फार आवडायचे, आपण किती निःस्पृह आहोत असे वाटायचे. मग एकदा एका शिबिरात माझ्याच अनुवादातला उतारा व्यासपीठावरून वाचला गेला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि मी मागच्या रांगेत बसून कोणीतरी माझ्याकडे वळून पाहील याची वाट पाहत होतो. कोणी पाहिले नाही. घरी येईपर्यंत मी रुसलेलो होतो. गंमत अशी की त्याच महिन्यात ताईंनी मला दहा मिनिटे बोलायला सांगितले तेव्हा मी हात जोडून म्हटले होते, “नको ताई, माझी काय योग्यता.” त्या हसल्या होत्या. तेव्हा ते हसणे कळले नव्हते. झ्यूसकिंडच्या बासवादकाबद्दल वाचताना कळले. त्या नाटकातला माणूस मला अनोळखी वाटलाच नाही.

येत्या रविवारी ती दहा मिनिटे मी घेणार आहे. विषय अजून ठरलेला नाही.

त्या साधकाला या लेखाचा मसुदा आधी पाठवला होता. त्याचे उत्तर आले. पुढच्या महिन्यात त्याची परीक्षा आहे आणि त्यात महलर यांच्या पहिल्या सिम्फनीतला तिसऱ्या भागाचा आरंभ त्याला वाजवायचा आहे. तो भाग मी ऐकला. मोठा वाद्यवृंद गप्प असतो. टिंपनीचे मंद ठोके पडू लागतात आणि त्यावर एकटा डबल बास, त्याच्या नेहमीच्या घरापासून बऱ्याच वरच्या पट्टीत, मुलांच्या गाण्याची साधी धून उदास सुरांत उचलतो. लपायला जागा नाही. मग एकेक वाद्य तीच धून घेत त्याच्या मागे येते आणि थोड्याच वेळात त्याचा सूर सगळ्यांत मिसळून जातो. त्याने लिहिले आहे की आता तो ते चार-पाच क्षण मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करतो आहे असे समजून वाजवून पाहतो, आणि सरांनी दोन दिवस काही आरडाओरडा केलेला नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या सामूहिक ध्यानात आपण सर्वांनी त्याची आठवण ठेवावी, ही नम्र विनंती. तारीख युवा सत्संगाच्या गटावर कळवली जाईल.

जय गुरुदेव.